महापालिकेचं गोल्फ

न्यूयॉर्कच्या सबवेची १ नंबरची गाडी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकापासून निघते आणि ब्राँक्समध्ये २४२व्या रस्त्यावर संपते. त्यापुढे रूळच नाहीत. नाव सबवे असलं तरी हा शेवटचा टप्पा लोखंडी खांबांवरून, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून जातो. एप्रिल लागला की शनिवारी सकाळी या गाडीत दोन तऱ्हेचे प्रवासी हमखास दिसतात: खांद्याला क्रिकेटचं किट अडकवून सरावाला निघालेले आणि गोल्फची बॅग दोन गुडघ्यांमध्ये धरून बसलेले. दोघंही शेवटच्याच स्टेशनावर उतरतात, कारण दोघांनाही व्हॅन कोर्टलंट पार्कात जायचं असतं. ११०० एकरांहून मोठी ही बाग शहराच्या मालकीची आहे. तिच्यात जंगल आहे, क्रिकेटच्या खेळपट्ट्या आहेत, तळं आहे, आणि तळ्याच्या काठाला १८९५ सालापासून चालू असलेलं गोल्फचं मैदान आहे. अमेरिकेतलं हे सर्वांत जुनं सार्वजनिक गोल्फ मैदान.

सार्वजनिक म्हणजे अगदी आपल्या अर्थानं सार्वजनिक. सभासदत्व नाही, प्रवेशासाठी कुणाची शिफारस लागत नाही. वेळ आधी नोंदवायची, फी भरायची, नंबर आला की खेळायचं. शहरात राहणाऱ्यांना आणि ज्येष्ठांना सवलत. गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच कुंपण, सलाम ठोकणारा दरवान आणि आतले साहेबलोक येतात. म्हणून हे मैदान मला नीट बघायचं होतं.

निमित्त माझ्या आतेबहिणीचं. मूळची सांगलीची, वय साठीच्या घरात, ब्राँक्समधल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी. आम्ही सगळी भावंडं तिला ताई म्हणतो. शाळेत असताना ती खो-खो खेळायची, लग्नानंतर खेळ सुटला, आणि पन्नाशीच्या आसपास प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीनं तिला गोल्फचे चेंडू मारायला नेलं. तेव्हापासून ती खेळते आहे. क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, जुन्या बाजारातून घेतलेले, ट्रॉली कुणीतरी देऊन टाकलेली. या वर्षीचा तिचा पहिला राउंड होता आणि मी तिची ट्रॉली ओढायला, म्हणजे कॅडी म्हणून, बरोबर चालणार होतो.

न्यूयॉर्कचा हिवाळा गोल्फ खेळणाऱ्याला घरात कोंडून ठेवतो. जानेवारीत एखादा उबदार दिवस निघालाच तर हौशी माणसं तेव्हाही खेळून घेतात, पण त्या काळातले स्कोअर हँडिकॅपसाठी धरले जात नाहीत. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीचा आकडा. शेवटच्या २० राउंडमधले सर्वांत चांगले ८ घेऊन तो काढतात. ताईचा ३३ आहे. कसलेला माणूस सत्तर फटक्यांत १८ होल पुरी करतो, तिथे तिला चांगल्या दिवशी शंभरच्या थोडे पुढे लागतात. डिसेंबर ते मार्च ती दिवाणखान्यातल्या गालिच्यावर स्टीलची वाटी आडवी ठेवून रात्री पटिंगचा, म्हणजे चेंडू जमिनीलगत हलकेच ढकलण्याचा, सराव करते. चेंडू वाटीत शिरला की खण्ण वाजतं. मी तिच्याकडे उतरलो होतो त्या रात्री जेवणानंतर हा आवाज बराच वेळ येत होता. ती रात्रपाळीला जाण्याआधी ठरवलेले चेंडू घालते आणि मगच पर्स उचलते.

आम्ही पोचलो तेव्हा गवतावर दंव गोठलेलं होतं. स्टार्टरनं, म्हणजे कोण कधी सुरुवात करणार हे ठरवणाऱ्या माणसानं, सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं. गोठलेल्या पात्यावर बूट पडला तर त्याच्या पेशी फुटतात, ऊन चढल्यावर तिथे काळसर पाऊल उमटतं आणि ते बरेच दिवस जात नाही. म्हणून ऊन येईपर्यंत सगळे तळ्याकाठी कॉफी घेऊन उभे. तळ्यात कॅनडा गीज नावाचे मोठे पाणपक्षी होते. काठावरच्या पिवळ्या फोर्सिथियाला पानांआधी फुलं आली होती. चार महिने एकमेकांना न दिसलेली माणसं भेटत होती: कुणाचा गुडघा बदलला, कुणाला नात झाली. वयस्कर बायाबापड्या, हुडी घातलेली पोरं, दोन पोलिस, स्पॅनिश बोलणारं एक आख्खं कुटुंब. मी बघितलेल्या कुठल्याही क्लबाच्या व्हरांड्यात इतकी सरमिसळ नव्हती.

ताईनं एकटीचंच बुकिंग केलेलं होतं. सार्वजनिक मैदानावर एकट्याला एकटं सोडत नाहीत, चारचा गट पुरा करतात. स्टार्टरनं तिची गाठ तिघांशी घालून दिली: सत्तरी ओलांडलेले, मूळचे जमैकाचे एक निवृत्त बसड्रायव्हर, प्लंबिंगचं काम शिकणारा विशी-बाविशीतला मुलगा, आईवडील डॉमिनिकन, आणि क्वीन्समध्ये ड्रायक्लिनिंगचं दुकान चालवणाऱ्या एक कोरियन बाई. हात मिळवले, पहिली नावं सांगितली, बास. पुढचे पाच तास हे चौघं एकमेकांचे चेंडू शोधणार, एकमेकांसाठी झेंडा धरणार, एकमेकांचे फटके मोजणार. गोल्फमध्ये पंच नसतो. आपले फटके आपण खरे सांगायचे आणि दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा. ओळख नसलेल्या माणसांना हे जमतं, आणि दर शनिवारी जमतं, ही या मैदानाची मला वाटलेली सर्वांत मोठी गोष्ट.

पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागेवर, ताईचा हात थोडा थरथरला. मागे वीसेक माणसं रांगेत उभी, सगळ्यांची नजर तिच्यावर. तिनं दोनदा हवेत स्विंग करून पाहिला, श्वास सोडला आणि मारलं. क्लब चेंडूच्या डोक्यावर लागला. चेंडू उडालाच नाही, गवतातून सुरसुरत साठ-सत्तर यार्डांवर जाऊन थांबला. बसड्रायव्हर काका म्हणाले, ‘‘सरळ तर गेला! एप्रिलमध्ये सरळ गेला तर तो चांगला.’’ ताई हसली आणि झपझप चालायला लागली. ‘‘अरे, रेंगाळायचं नाही इथे,’’ ती मला म्हणाली, ‘‘मागच्यांना आपल्यामुळे थांबायला लागलं तर बरं दिसत नाही.’’

हे मैदान कसं झालं ती हकिगत न्यूयॉर्कच्या नगरपालिकेची दृष्टी दाखवते. १८८८ मध्ये शहरानं व्हॅन कोर्टलंट घराण्याची जमीन बागेसाठी घेतली. अमेरिकेत तेव्हा गोल्फ नुकतं येत होतं आणि ते श्रीमंतांच्या क्लबांपुरतंच होतं. बागेशेजारच्या रिव्हरडेलमधल्या काही धनवंतांनी शहराकडे मागणी केली की बागेत आम्हाला खेळायला मैदान करून द्या. शहरानं होकार दिला, पण मैदान सगळ्यांना खुलं राहील या अटीवर. ६ जुलै १८९५ ला नऊ होलांचं मैदान सुरू झालं. त्यातली आठ होल लहान आणि शेवटचं एकटं ७०० यार्ड, वाटेत ओढे आणि दगडी भिंती. लोकांची इतकी झुंबड उडाली की १८९९ मध्ये ते अठरा होलांचं करावं लागलं. ते काम ज्यानं केलं तो टॉम बेंडेलो हा अबर्डीनहून आलेला स्कॉटिश माणूस, न्यूयॉर्क हेरल्ड या वर्तमानपत्रात खिळे जुळवणारा कंपॉझिटर. पुढे त्यानं अमेरिकाभर शेकड्यांनी मैदानं आखली, त्यांतली पुष्कळशी सार्वजनिक. काही तज्ज्ञ त्याला नावं ठेवत, की हा खुंट्या मारत फिरतो आणि एका दिवसात मैदान आखून मोकळा होतो. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो. थोडक्या पैशात, मिळेल त्या जमिनीवर त्यानं हा खेळ गिरणीकामगार आणि कारकुनांपर्यंत नेला.

त्या ७०० यार्डांच्या होलाची आठवण आजही शिल्लक आहे. इथली दोन होल ६०० यार्डांहून लांब आहेत. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, म्हणजे एकापुढे एक सत्तावीसहून जास्त खेळपट्ट्या मांडल्या तर हे अंतर होईल. टीव्हीवर दिसणारे खेळाडू असं होल तीन फटक्यांत जवळ आणतात. ताईचा चांगला बसलेला फटका १४० यार्ड जातो, आणि थंडीत तोही जात नाही: गार हवा जड असते आणि गार चेंडू कमी उसळतो. इथे तिचं कसब मला नीट बघायला मिळालं. तिनं ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, बॅगेतून काढलाच नाही. पाच नंबरचा हायब्रिड घेतला आणि तोच पुन्हा पुन्हा मारत राहिली. दरवेळी शंभर-सव्वाशे यार्ड, दरवेळी फेअरवेच्या मधोमध. डॉमिनिकन मुलगा अडीचशे यार्ड मारायचा आणि मग चेंडू झाडीत शोधायचा. होल संपलं तेव्हा दोघांचे फटके सारखे भरले. त्यानं तिच्याकडे बघून टोपी काढली.

चालता चालता बसड्रायव्हर काकांनी मला विचारलं की भारतातल्या कुठल्या भागातला. मुंबईकडचा म्हटल्यावर त्यांना सरदेसाई आठवले. १९७१ च्या फेब्रुवारीत किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा केल्या तेव्हा ते शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मैदानाबाहेरच्या झाडावर बसून त्यांनी तो डाव पाहिला होता. मडगावात जन्मलेल्या आणि मुंबईकडून खेळलेल्या माणसाचं नाव ब्राँक्समधल्या गोल्फ मैदानावर ऐकून मला काय वाटलं ते सांगायला नको. इथे आल्यापासून काका याच बागेत क्रिकेट खेळले. खांदा गेला तेव्हा पलीकडच्या गवतावरून अलीकडच्या गवतावर आले.

या बागेवर क्रिकेटच्याच नावानं एक प्रसंग आला होता. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी २०२३ मध्ये इथल्या परेड ग्राउंडवर ३४,००० प्रेक्षकांचं तात्पुरतं स्टेडियम उभारायचा घाट घातला गेला. विरोध करणाऱ्यांत इथे वर्षानुवर्षं क्रिकेट खेळणारेही होते. आमच्या खेळपट्ट्या भर मोसमात बंद राहतील, मग आम्ही कुठे जायचं, एवढाच त्यांचा प्रश्न. सामने शेवटी लाँग आयलंडवरच्या आयझेनहॉवर पार्कात गेले. ९ जूनला भारतानं पाकिस्तानला ६ धावांनी हरवलं ते तिथेच. काकाही विरोध करणाऱ्यांत होते. ‘‘भारत-पाकिस्तान सामना घरापासून दोन मैलांवर झाला असता,’’ ते म्हणाले, ‘‘पण पुढच्या रविवारी आमची पोरं खेळली नसती.’’ मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

सगळ्यांना खुलं हे शब्द अमेरिकेत फुकट मिळालेले नाहीत. याच बागेतलं तळं व्हॅन कोर्टलंट घराण्यानं ओढा अडवून केलं, ते गुलामांच्या श्रमांवर. त्या गुलामांची दफनभूमी बागेतच आहे आणि तिला शहरानं तसं नाव २०२१ मध्ये दिलं. दक्षिणेत तर सार्वजनिक गोल्फ मैदानंही काळ्या माणसांना बंद होती. १९५१ मध्ये अटलांटात डॉक्टर हॅमिल्टन होम्स, त्यांची मुलं आल्फ्रेड आणि ऑलिव्हर आणि एक मित्र शहराच्या मैदानावर खेळायला गेले. त्यांना परत पाठवलं गेलं. ते कोर्टात गेले. ७ नोव्हेंबर १९५५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि नाताळच्या आदल्या दिवशी होम्स मंडळी अटलांटाच्या दुसऱ्या एका सार्वजनिक मैदानावर राउंड खेळली. आल्फ्रेडचा मुलगा, आजोबांच्याच नावाचा हॅमिल्टन, १९६१ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या पहिल्या दोन काळ्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेनं सभासद गोरेच असावेत हे कलम घटनेतून काढून टाकलं.

मराठी माणसाला हे वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. तहान आणि खेळ यांची बरोबरी होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कोर्टापुढचा मुद्दा जवळचा होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याच्या १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं, ते कागदावरच राहिलं, १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे पाणी प्यायले आणि रूढीचा दावा सांगणाऱ्यांविरुद्धचा अंतिम निकाल मुंबई हायकोर्टातून यायला मार्च १९३७ उजाडला. नगरपालिकेची वस्तू सगळ्यांची, हे वाक्य दोन्हीकडे भांडूनच वसूल करावं लागलं.

मध्यावर पोचेपर्यंत ऊन चांगलं चढलं होतं. तिथल्या एका ग्रीनवर ताई थबकली. मोसमाच्या तोंडावर ग्रीनला श्वास घेता यावा म्हणून यंत्रानं बोटाएवढ्या जाडीची भोकं पाडतात, मातीच्या गोळ्या उपसून काढतात आणि भोकांत वाळू भरतात. हिवाळ्यानं आणि पावलांनी दाबली गेलेली माती त्यामुळे मोकळी होते, मुळांना हवा आणि पाणी मिळतं. गवतासाठी हे उत्तम, खेळणाऱ्यासाठी ताप. चेंडू प्रत्येक भोकावर उडतो आणि ठरवलेली रेषा सोडतो. ताईपुढे बारा फुटांचा पट होता. ती खाली बसली. चेंडूपासून कपापर्यंत नजर हळूहळू फिरवली. बोटानं एक सैल वाळूचा ढिगारा बाजूला केला. मग उठून नेहमीपेक्षा जोरात मारलं, कारण वाळूत चेंडू मंदावतो. तो तीनदा हलकेच उडाला, डावीकडे झुकला, कपाच्या मागच्या कडेवर आदळला आणि आत पडला. कोरियन बाई, ज्या तोवर दोन वाक्यांपलीकडे बोलल्या नव्हत्या, त्यांनी ताईच्या दोन्ही हातांवर टाळी दिली. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘वाटी उपयोगी पडली बघ.’’

ती आधी जिथे चेंडू मारायला शिकली ती जागाही याच बागेत आहे. मोशोलू गोल्फ मैदानाच्या सरावाच्या हिरवळीखाली शहराचं क्रोटन जलशुद्धीकरण केंद्र आहे. २०१५ मध्ये ते सुरू झालं आणि दिवसाला २९ कोटी गॅलनपर्यंत पाणी शुद्ध करण्याची त्याची क्षमता आहे. वर माणसं चेंडू मारतात, खाली शहराचं पिण्याचं पाणी गाळलं जातं. बागेतली जागा त्या केंद्रासाठी द्यावी की नाही यावरून इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं वाद घातला होता, आणि ते मला योग्यच वाटतं.

गोल्फला इतकी जागा द्यावी का, हा प्रश्न खराच आहे. अठरा होलांना शंभरावर एकर लागतात, आणि त्यावर एका वेळी शे-दीडशे माणसंच खेळू शकतात. घरांची टंचाई असलेल्या शहरात हे विचारलं जाणारच. माझं मत असं की हा प्रश्न आधी बंद कुंपणाच्या मैदानांना विचारावा. पालिकेच्या मैदानावर निदान बसड्रायव्हर आणि प्लंबर खेळतात. देशातल्या सर्वोच्च स्पर्धाही अशा मैदानावर होऊ शकतात, हे लाँग आयलंडवरच्या बेथपेज ब्लॅकनं दाखवलं आहे. न्यूयॉर्क राज्याच्या मालकीच्या या मैदानावर २००२ ची यू.एस. ओपन झाली, टायगर वुड्सनं जिंकली, आणि एरवी तिथेच सामान्य माणसं पहाटेचा नंबर लागावा म्हणून रात्रभर गाडीत झोपतात.

आपल्याकडे गोल्फ फार जुनं आहे. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. पण दिल्लीत कुतुबमिनारजवळचं पहिलं सार्वजनिक मैदान उघडायला २००० साल लागलं, म्हणजे मधे एकशे सत्तर वर्षांवर गेली. महाराष्ट्रात सिडकोनं खारघरच्या डोंगरपायथ्याशी फी भरून कुणालाही खेळता येईल असं मैदान केलं आहे, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. बाकी बहुतेक मैदानं क्लबांची नाहीतर लष्कराची. पाण्याची आपल्याकडची स्थिती बघता गावोगावी गोल्फ मैदानं असावीत असं मी म्हणणार नाही. पण खेळायची हौस कुंपणाबाहेरही असते, याचा पुरावा चेंबूरला आहे. तिथल्या गोल्फ क्लबावर कॅडीचं काम करणारी मुलं लोखंडी सळई वाकवून क्लब बनवतात आणि वस्तीच्या गल्ल्यांत प्लास्टिकचा चेंडू मारतात. दुसऱ्याच्या बॅगा वाहता वाहता ती हा खेळ शिकली. त्यांना नंबर लावून खेळता येईल असं नऊ होलांचं एखादं मैदान महामुंबईत कुठे असावं, याचा विचार तिथल्या पालिकांनी जरूर करावा.

शेवटच्या टप्प्यात मैदान टेकड्यांवर चढतं. ट्रॉली ओढताना माझी दमछाक झाली. ताईच्या कपाळावर घाम होता, पण चाल तीच. सोळाव्या होलावर तिचा चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला. हिवाळ्यात बसलेली ओली वाळू दगडासारखी घट्ट झालेली. पहिला फटका आपटून परत तिच्या पायाशी आला, दुसराही तसाच. तिसऱ्यांदा तिनं वेजची पाती जास्त उघडली आणि चेंडूच्या मागची वाळू कापली, चेंडू बाहेर आला. तिचा स्कोअर लिहिणाऱ्या मुलानं सहा म्हटलं. ‘‘सात,’’ ताई म्हणाली, ‘‘बंकरमधला एक तू पाहिला नाहीस.’’ त्यानं खोडून सात केले.

राउंड ११४ फटक्यांचा झाला. मागच्या शरदात ती १०५ च्या आसपास खेळत होती, म्हणजे हिवाळ्यानं नऊएक फटके खाल्ले. क्लबहाऊसच्या ओट्यावर बसून तिनं कार्ड पुन्हा बेरजेनं तपासलं, फोनवर नोंदवलं आणि डब्यातली थालीपिठं काढून मधे ठेवली. कोरियन बाईंनी पिशवीतून किंबाप काढलं. काकांनी ताईला विचारलं, पुढच्या शनिवारी मोशोलूला नऊ होल खेळायची का, त्यांच्या नेहमीच्या चौघांतला एक जण गावाला चाललाय. ताईची त्या दिवशी सकाळची पाळी होती. तिनं तिथूनच सहकारी बाईला फोन लावला, पाळी रविवारशी बदलून घेतली आणि मग हातावरचं तूप पुसत त्यांचा नंबर लिहून घेतला.